एका जागी उभं राहा

१

जेवणं उरकली, अण्णांना गोळ्या दिल्या, ओटा पुसला, की मी वर जायचे. दुपारचा तो वेळ माझा, असं नोकरी सोडताना मी घरात जाहीर केलं होतं, आणि घरानं ते नेहमीप्रमाणे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

वर म्हणजे गॅरेजवरची खोली. खाली जिथं गॅरेज होतं तिथं आता अण्णा, म्हणजे माझे सासरे, राहतात. पायातली ताकद गेल्यापासून त्यांना जिना चढता येत नाही, आणि गाडी काय, रस्त्यावरही उभी राहते. वरच्या खोलीत माझं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र. आयुष्यभर मी ऑफिसात बसून दुसऱ्यांनी बनवायच्या वस्तूंची ड्रॉइंगं काढली. ही पिन एवढी जाड, हे भोक एवढं खोल. बनवण्यातली मजा दुसऱ्यांची, आणि बिघडलं की "बाईंनी ड्रॉइंगच चुकीचं काढलंय". तेव्हा एक जुना कारखाना मोडीत निघाल्यावर तिथलं छोटं लेथ मी घरी आणवलं.

"लोक रिटायर झाल्यावर कुंड्यांना पाणी घालतात," नवरा म्हणाला. "तू हे काय करणार?"

"आधी तुझ्या वडिलांच्या खुर्चीची पिन करणार."



अण्णांच्या चाकांच्या खुर्चीचं पुढचं छोटं चाक खडखडायचं. एकदा उंबऱ्यापाशी ते असं काही आडवं फिरलं की अण्णा तोंडावर आपटता आपटता वाचले. तेव्हापासून ते खोलीबाहेर पडेनात. नवी खुर्ची आणली तर तिच्यात बसेनात. "ती मला ओळखत नाही," म्हणाले. जुनीचे भाग आता मिळत नाहीत. सगळं घोडं अडलं होतं ते बोटभर लांबीच्या एका झिजलेल्या पिनेपाशी. बोटभर! मला वाटलं, एका दुपारचं काम.

२

पहिली पिन दाराकडच्या टोकाला जाड निघाली आणि खिडकीकडच्या टोकाला बारीक. फरक केसाहून कमी, पण चाकाला तो कळतो. ठीक आहे, नवं मशीन, नवा हात. दुसरी केली. ती उलटी निघाली. खिडकीकडे जाड, दाराकडे बारीक.

मी दादाला फोन लावला. माझा सख्खा मोठा भाऊ, सगळी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला. त्याला काही विचारणं म्हणजे आपण होऊन परीक्षेला बसणं.

"टूलला धार लावलीस?"

"लावली."

"चकाबाहेर काम किती काढलंयस? जेवढं बाहेर, तेवढं ते लवणार."

"कमीत कमी काढलंय. चकाच्या जबड्यात गज घट्ट धरलाय, दुसऱ्या टोकाला आधारही दिलाय."

"चकाची चावी चकातच ठेवून मशीन चालू करत नाहीस ना?"

"दादा, मी काय बावळट आहे?"

"तसं नाही, पण विचारावं लागतं." मग तो मूळ मुद्द्यावर आला. "एकदा इकडे जाड आणि एकदा तिकडे? असं नसतं गं. मशीन चुकतं ते एकाच बाजूला चुकतं. दोन्ही बाजूंना चुकतात ती माणसं."

मी फोन ठेवून दिला. पण रविवारी तो स्वतःच आला, आणि बरोबर त्याची पाणसळ घेऊन आला. लाकडी पेटीत, मऊ फडक्यात गुंडाळलेली, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तशी. गवंड्याकडे असते तसली नव्हे ती. तिच्या काचेतला बुडबुडा इतका हळवा की खाली कागदाचा कपटा सारला तरी जागा सोडतो.

"लेथ वाकडं उभं असलं तरी एक वेळ चालेल," दादा म्हणाला, "पण पिळलेलं नको. ओला टॉवेल पिळतो ना, तसा त्याचा बेड, म्हणजे खालचा लांब पाट, पिळला जातो. मग टूल सरळ जातं आणि काम तिरकं निघतं." पायांखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारून त्यानं बेड सरळ केला. मग बेडवर लांबीच्या दिशेनं पाणसळ ठेवली आणि म्हणाला, "आता गंमत बघ."

तो दारापाशी जाऊन उभा राहिला. बुडबुडा सावकाश खिडकीकडे सरकला. तो खिडकीपाशी गेला. बुडबुडा दाराकडे आला.

"ही जमीन नाही, स्लॅब आहे. माणसाच्या वजनानं लवतो. आणि बुडबुडा नेहमी वजनापासून लांब पळतो. म्हणून काम करताना एका जागी उभं राहायचं. सारखी इकडेतिकडे नाचू नकोस."

"मी नाचत नाही," मी म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी मी एका जागी उभी राहिले. फरशीवर खडूनं दोन पावलं काढली आणि त्यांत पाय ठेवले, म्हणजे दादाला सांगायला बरं. पिन लावली, मशीन चालू केलं. टूलखालून स्टीलची निळसर कुरळी सालं निघायला लागली. आवाज छान होता, एकसुरी. मध्येच तो किंचित बसला, गाणाऱ्याचा घसा बसावा तसा, आणि मग पुन्हा मोकळा झाला.

पिन मोजली. दोन्ही टोकं बारीक, मध्ये जाड.

मी मशीन बंद केलं, दादा ठेवून गेला होता ती पाणसळ बेडवर ठेवली आणि हात मागे बांधून बघत राहिले. बुडबुडा मधोमध होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी पुसत होतं, त्या बादलीच्या कडीचा आवाज येत होता. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. बुडबुडा खिडकीकडे सरकायला लागला. घाई नाही, धक्का नाही. सरकला, थांबला, थोडा वेळ तिथं राहिला. मग परत निघाला, मध्यावरून पुढं दाराकडे गेला आणि तिथं थांबला.

मी खडूच्या पावलांतून हललेही नव्हते.

उन्हामुळे असेल. स्लॅब तापतो, फुगतो. मी पडदा लावला. जड वाहनामुळे असेल. मी खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यावर एक सायकलवाला आणि तो बादलीवाला. खाली अण्णांचा पंखा असेल. मी खाली जाऊन अण्णांचा पंखा बंद केला. त्यांनी डोळे उघडले.

"पंखा का बंद केलास? आधीच तुझ्या चालण्यानं झोप नाही."

"मी कुठं चालतेय अण्णा? मी एका जागी उभी असते."

"मग काय मी चालतो?" ते म्हणाले.

पंखा लावला आणि वर गेले. पिन पुन्हा वाकडी आली.

४

चार दिवस हेच. मी पट्ट्या सारते, बुडबुडा मधोमध आणते, पिन लावते, पिन वाकडी येते. खाली अण्णा कुरकुरतात, वर मी. संध्याकाळी नवरा येतो आणि दोघांच्या मध्ये बसून चहा पितो. टोपलीत वाया गेलेल्या पिना वाढत चालल्या होत्या. चांगलं स्टील, फुकट. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"अण्णांना भास होतात का रे?" मी नवऱ्याला विचारलं.

"ते म्हणतात तू दुपारभर येरझारा घालतेस. तू म्हणतेस घालत नाहीस. मी ऑफिसात असतो. मला मध्ये घेऊ नका."

म्हणून मी एका दुपारी वर कामाला थांबलेच नाही. पाणसळ बेडवर तशीच राहू दिली, वरचं दार ओढून घेतलं आणि अण्णांच्या खोलीत भाजी निवडत बसले. अण्णा पडून होते, नजर छताकडे. पंख्याची दांडी हळूहळू डुलत होती.

मग मला ऐकू आलं. वर कधीच न येणारा आवाज खाली मात्र स्पष्ट येत होता. टाच टेकायची, मग बऱ्याच वेळानं पुढचं पाऊल. दाराकडून खिडकीकडे. खिडकीपाशी थोडी शांतता. मग परत.

माझा हात शेंगांत तसाच राहिला.

"आता बघ," अण्णा छताकडे बघत मलाच म्हणाले, "आता तू मशीनपाशी थांबशील."

पावलं आमच्या डोक्यावर आली आणि थांबली.

"बघ. थांबलीस." ते समाधानानं म्हणाले. मग त्यांनी मान वळवली, मला खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा गोंधळून गेला. "अगं, तू इथं आहेस. मग वर कोण?"

"मांजर असेल."

"मांजर? एवढं जड?"

मी उठून जिन्यावर गेले. राग आला होता म्हणून गेले, धीट आहे म्हणून नव्हे. दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. लेथ, टेबल, तेलाचा डबा, खडूची दोन पावलं. सगळं जिथल्या तिथं. पाणसळीतला बुडबुडा मात्र पार दुसऱ्या टोकाला गेला होता. माझ्यापासून लांब, खिडकीकडे. दारात मी उभी होते, त्यामुळे तसं व्हायलाच हवं, असं मी स्वतःला समजावलं. पण दादा दारात उभा होता तेव्हा तो याच्या निम्म्यानंही सरकला नव्हता, आणि दादा माझ्या दीडपट आहे.

५

रविवारी मी नवऱ्याला वर नेलं.

"दारापासून खिडकीपर्यंत सावकाश चाल. मी थांब म्हटलं की थांब."

"सुट्टीच्या दिवशी मला घाण्याच्या बैलासारखं फिरवणार तू?"

"चाल रे बाबा!"

तो चालला. मी पाणसळीवर वाकले होते, नजर बुडबुड्यावर. तो जसजसा खिडकीकडे जात होता तसतसा बुडबुडा दाराकडे येत होता. शहाण्यासारखा. आपण उगीच घाबरलो, स्लॅबच हलका आहे, असं वाटून मला जरा बरं वाटलं.

"थांब."

बुडबुडा सरकत राहिला.

"थांब म्हटलं ना!"

"थांबलोय की."

मी वर पाहिलं. नवरा खोलीच्या मध्यावर, हात खिशात घालून उभा होता. मी खाली पाहिलं. बुडबुडा अजून दाराकडे चालला होता, त्याच त्या संथ चालीनं. म्हणजे वजन खिडकीकडे चाललं होतं. नवऱ्याच्या पुढं.

"झालं?" त्यानं विचारलं. "काय झालं? अशी काय बघतेस?"

"काही नाही. तू खाली जा. चहा ठेव."

तो बडबडत खाली गेला. मी दादाला फोन करून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, जेवढं फोनवर सांगता येतं तेवढं.

"स्लॅब खराब आहे," दादा म्हणाला. "मशीन खाली घे."

"खाली कुठं घेऊ? अण्णांच्या उशाशी?"

"मग तू काय म्हणतेस? तिथं कोण चालतंय?"

"मी काहीच म्हणत नाहीये. मी तुला बुडबुडा सांगतेय."

"बुडबुडा एकटा हलत नाही," दादा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "चावी चकातून काढलीयस ना?" त्याला दुसरं काही सुचत नसावं.

६

त्यानंतरच्या सोमवारी माझा संयम सुटला. आता वाटतं, घाबरले असते तर बरं झालं असतं. घाबरलेलं माणूस गप्प बसतं.

सकाळी अण्णा खोलीतल्याच बाथरूमला जाताना चाक पुन्हा आडवं फिरलं आणि त्यांचं कोपर भिंतीवर सोलवटलं. त्या माणसानं हूं की चूं केलं नाही. "होतं गं," म्हणाले. त्या "होतं गं" नं मला आत कुठंतरी चटका बसला. दुपारी वर गेले, पट्ट्या सारल्या, शेवटचा चांगला गज चकात आवळला, चावी काढून बाजूला ठेवली. मशीन चालू केलं. अर्ध्यावर आवाज बसला.

मी मशीन बंद केलं आणि ओरडले. ऑफिसात नव्या पोरांवर ओरडायचे, अगदी तशी.

"काय चाललंय हे? दारापासून खिडकी, खिडकीपासून दार! काम आहे इथं! एका जागी उभं राहा!"

खोली आधीही शांतच होती. पण आता ती कुणीतरी गप्प झाल्यासारखी शांत झाली.

मी पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा निघाला होता. तो सावकाश मध्यावर आला आणि थांबला. खोलीची लांबी मोजली तर मधोमध मीच उभी होते. मी पाणसळ उचलली आणि बेडवर आडवी ठेवली. बुडबुडा लेथपलीकडच्या भिंतीकडे पळाला, पार काचेच्या टोकाला जाऊन चिकटला. माझ्यापासून लांब. माझ्या मागं जे काही होतं त्यापासून लांब.

मानेवर वारा नव्हता, श्वास नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. कुणी मागं उभं राहिलं की आपल्या अंगावरचा उजेड जरा बदलतो, एवढंच. टेबलावरची माझी सावली जिथं संपायला हवी तिथं संपत नव्हती.

मी वळले नाही. मी पाणसळ बाजूला ठेवली, बेड पुन्हा सरळ करण्यासाठी भिंतीकडच्या पायांखालच्या पट्ट्या बदलल्या, त्या वजनासकट. पट्ट्या नीट बसल्या. मशीन चालू केलं. आवाज शेवटपर्यंत एकसुरी आला.

पिन मोजली. या टोकाला, मध्ये, त्या टोकाला. सारखी. माझ्या हातून इतकं सरळ काम आधी कधी झालं नव्हतं.

मी सालं झाडली नाहीत, तेल पुसलं नाही. कडेकडेनं, भिंतीला पाठ घासत दाराशी गेले, आणि मागं न बघता खाली उतरले. दार ओढायचं राहिलं.

७

संध्याकाळी नवऱ्यानं पिन बसवली. चाक लोण्यातून फिरल्यासारखं फिरलं. अण्णांनी खोलीत एक चक्कर मारली, मग दुसरी. मग उंबरा ओलांडून ते बाहेरच्या खोलीत आले. कितीतरी दिवसांनी. नवरा टाळ्या वाजवायला लागला. मीही हसले. त्या क्षणी मला वाटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. अण्णा आता घरभर फिरत होते. खुर्चीचा आवाज होत नसल्यामुळे ते कुठं आहेत ते मला कळत नव्हतं. मग जिन्याच्या बाजूनं त्यांचा आवाज आला. प्रेमानं रागावल्यासारखा.

"अगं, तिला किती वेळ उभं करून ठेवणार आहेस?"

मी हात पुसत बाहेर आले. अण्णा जिन्याच्या पायथ्याशी खुर्चीत बसून, मान वर करून बघत होते.

"कुणाला अण्णा?"

"वर ती कोण तुझ्या मशीनपाशी आहे तिला. कालपासून उभी आहे बिचारी. पाय दुखत नसतील का?"

मी त्यांच्या मागं उभी राहिले आणि वर पाहिलं. जिन्याच्या टोकाला दार अर्धवट उघडं होतं. मी आयुष्यभर ड्रॉइंगं काढलीत. कुठून काय दिसतं आणि काय दिसत नाही, ती नजरेची रेष मला न काढता कळते. पायथ्यापासून पाहिलं तर त्या दारातून खोलीचं फक्त छत दिसतं. लेथपाशी मी उभी असले तर मी दिसणार नाही. दादाही दिसणार नाही. कुणीही दिसणार नाही.

छत दिसत नव्हतं. छताच्या जागी, खाली वाकवलेली एक मान दिसत होती. मागून. शिक्षकानं कोपऱ्यात उभं केलेल्या पोराची असते तशी, निमूट.

"अण्णा, आत चला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, त्यांना कुठून येणार? त्यांचं लक्ष वर होतं. त्यांनी हात उंच केला आणि मोठ्यानं, मायेनं हाक मारली.

"अगं बाई, उभी काय राहिलीस? ये की खाली!"

मान हलली. उजेड आला. दारात छत दिसायला लागलं.

मग जिन्याची वरची पायरी वाजली. टाच टेकली. बऱ्याच वेळानं पुढची.

"थांब!" मी किंचाळले. "तिथंच थांब!"

आवाज थांबला.

८

नवऱ्याला मी सांगितलंय. तो म्हणाला, "बरं." जिना मात्र तो चढत नाही. परवा त्याला वरच्या कपाटातली बॅग हवी होती. तो पायथ्याशी गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि हात हलवत परत आला. म्हणाला, "नंतर बघू."

दादा पाणसळ मागतोय. "कधी येऊ न्यायला?" असं विचारतो. मी म्हणते, कळवते. त्याला वाटतं बहिणीला वस्तूचा मोह सुटलाय. तो चिडतो, मीही चिडते, पण तो विचारतोय त्याचं सरळ उत्तर माझ्या तोंडून निघू शकत नाही.

कारण आमच्या घरात आता कुणी कुणाला 'ये' म्हणत नाही. शेजारीण दाराशी आली तर मी नुसतं दार उघडून बाजूला सरकते. ती बिचारी ताटकळते, मग माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत आत शिरते. नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर मी ताट वाजवते. फोनवर कुणी "येतो हं" म्हटलं, तरी माझी नजर आधी जिन्याकडे जाते.

अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. जागेपणी ते कटाक्षानं पाळतात, शब्द ओठावर आला तर हातानं तोंड दाबतात. पण हल्ली दुपारी त्यांना झोपेत बोलायची सवय लागलीय. जुन्या माणसांना हाका मारतात. आईला, भावंडांना, कुणाकुणाला.

म्हणून जेवणं उरकली, ओटा पुसला, की मी त्यांच्या उशाशी बसते. त्यांचे ओठ हलायला लागले की हात पुढं करते.

आज ते पुटपुटले तेव्हा मला क्षणभर डुलकी लागली होती.

मी जागी झाले. अण्णा शांत झोपले होते. जिन्याची शेवटची, सगळ्यात खालची पायरी नुकतीच वाजून थांबली होती.

मी अजून बोललेले नाही. काय म्हणावं, ते मला सुचत नाहीये.